थोरले साडू जेवायला बसले

आमचे थोरले साडू आयुष्यात कधी बसले नाहीत. ‘कधीच’ आणि ‘सर्वच’ हे शब्द दुसऱ्यांच्या बातम्यांतून खोडण्यात माझी वर्तमानपत्रातली सगळी वर्षं गेली, त्यामुळे तसलं विधान स्वतः लिहिताना पेन अडखळतं. पण साडूंच्या बाबतीत ते खोडायला आधार सापडत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोरेगावच्या बाजारात त्यांची धान्याची आडत आहे. आडतीच्या दुकानात पांढरी गादी आहे, लोड आहे, लोडाला अभ्रा आहे, आणि हे सगळं दुकान उघडलं त्या दिवशी जसं होतं तसंच आज आहे, कारण त्यावर मालक टेकलेला कुणी पाहिलेला नाही. गादीच्या कडेला दिवाणजी बसतात. मालक बाहेर ढिगाऱ्यांमधून फिरत असतात. त्यांना शोधायला गेलेला माणूस दोन चकरा मारतो आणि मग शहाणा होऊन एका जागी उभा राहतो, कारण साडू दर पाच मिनिटांनी तिथून जातातच.

ते एसटीचं तिकीट काढतात आणि ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे राहतात. मागे निम्मी गाडी रिकामी असली तरी उभे. कोरेगाव ते सातारा हा रस्ता त्यांनी इतक्या वेळा उभ्यानं पार केला आहे की नवे ड्रायव्हर वळण यायच्या आधी त्यांच्याकडे बघतात. सिनेमा ते दारातून बघतात. एकदा साताऱ्यात एका जोडप्यानं अंधारात त्यांच्या हातात तिकिटं दिली. साडूंनी ती फाडली, खुर्च्या दाखवल्या आणि पुढचा अर्धा तास आणखी अकरा जणांना जागेवर नेऊन बसवलं. सिनेमा कसा होता असं विचारलं तर म्हणाले, “हाउसफुल.” न्हाव्याकडे बसल्याशिवाय चालत नाही म्हणून बसतात, पण तिथंही एकदा अर्ध्या दाढीला बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला आणि साडू गळ्यात फडकं, एका गालाला साबण अशा अवस्थेत उतरून गेले. ट्रकमधला हरभरा त्यांनी तशाच तोंडानं नाकारला. शेतकऱ्यानं त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर ऐकलं म्हणतात.

त्यांच्या लग्नाची हकीकत आमच्या सासरी सगळ्यांना पाठ आहे. मुलगी बघायला आले तेव्हा वडील, चुलते, मध्यस्थ सतरंजीवर बसले. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तर नवरामुलगा जाग्यावर नाही. तो मागच्या अंगणात वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडून बघत होता. ट्रे घेऊन ती मागं गेली. त्यानं कप उचलला, उभ्यानं चहा घेतला आणि म्हणाला, “शेंग बरी हाय.” ती मुलगी म्हणजे आमच्या ताई. त्या अजून सांगतात, “मला वाटलं मला म्हणाले. आत येऊन आईला सांगितलं, पसंत हाय.” लग्नानंतर पहिला महिनाभर त्यांनी नवऱ्याला ताट वाढून बघितलं. मग सोडून दिलं. तेव्हापासून त्या भाकरीवर भाजी घालतात, भाकरीची घडी करतात आणि घडी नवऱ्याच्या हातात देतात. नवरा ती खात खात परसातून ओसरीवर, ओसरीवरून रस्त्यावर जातो. शेवटचा घास कुठं संपतो ते त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे त्या घरात सगळे एका वेळी जेवले असं झालं नाही. साडू आधी, चालता चालता. बाकीचे मागून, बसून.

एवढ्या अस्वस्थ माणसाला बाजारात मान कसा, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. त्याचं उत्तर त्यांच्या दाढेत आहे. सोयाबीन किती ओलं, किती सुकं हे ते दाणा चावून सांगतात. उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेखाली दाणा ठेवायचा आणि मान जरा तिरकी करून फोडायचा. कट असा आवाज आला तर माल सुका. दाणा दबला तर ओला. आता आर्द्रता मोजायची यंत्रं आली आहेत, साडूंच्या दुकानातही एक आहे, पण शेतकरी यंत्राचा आकडा ऐकून साडूंच्या तोंडाकडे बघतात. साडू म्हणतात, “मशीनला दात हायत का?” त्यांच्याजवळ मालाला तीनच शब्द आहेत: ‘बरा’, ‘ओला’ आणि ‘न्हाई’. ‘उत्तम’, ‘एक नंबर’ असले शब्द त्यांनी कुठल्याही मालाला लावलेले नाहीत. आणि एकदा म्हटलेला शब्द फिरवलेला नाही. खुद्द आमच्या सासऱ्यांचं सोयाबीन त्यांनी भर बाजारात, चार लोकांसमोर, दाढेखाली घेतलं आणि “ओला” म्हणून पुढच्या ढिगाकडे निघून गेले. सासऱ्यांनी माल परत नेला, चार दिवस वाळवला, पुन्हा आणला. तेव्हा ‘बरा’ मिळाला. सासरे नंतर कित्येक वर्षं हा प्रसंग तक्रारीच्या सुरात सुरू करून अभिमानाच्या सुरात संपवत.

या माणसाच्या मुलीनं, आमच्या स्नेहलनं, साताऱ्यात कोरियन हॉटेल काढलं.

स्नेहल पुण्याला हॉटेलचं शिक्षण घेऊन चाकणच्या बाजूला एका कोरियन कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकाला होती. तिथं एक वयस्क कोरियन बाई मुख्य होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिला कोरियन येत नव्हतं. दोघी सहा वर्षं एकमेकींकडे बघून स्वयंपाक करत राहिल्या. त्या बाई मायदेशी गेल्यावर स्नेहल परत आली आणि पोवई नाक्यापासून जरा आत, एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तिनं पाच टेबलं मांडली. चार खुर्च्यांची आणि पाचवं कोपऱ्यात बैठं, मांडी घालून जेवायचं. एकच मुख्य पदार्थ: सुनदुबू. म्हणजे काळ्या जाड मातीच्या भांड्यात तांबडा तिखट रस्सा, त्यात सोयाबीनच्या दुधाचा खरवसासारखा थरथरणारा मऊ टोफू, वरून फोडलेलं अंडं. भांडं टेबलावर आल्यावरही दोन-तीन मिनिटं उकळत राहतं. सोबत भात आणि कोबीचं आंबट-तिखट लोणचं. भात इंद्रायणीचा, कारण कोरियन जेवणाला भात चिकट लागतो आणि आपल्याकडे तेवढा चिकटपणा तिच्यातच आहे. मिरची ब्याडगी. टोफू तिथंच, रोज पहाटे, कोरेगावच्या सोयाबीनचा. रिक्षावाले त्याला ‘उकळीचं हाटेल’ म्हणू लागले.

उद्घाटनाच्या दिवशी मी सांगलीहून गेलो होतो. साडू आधीच येऊन पोचले होते. सोयाबीनची पोती टेम्पोतून त्यांनी स्वतः वर चढवून घेतली होती. आल्यापासून त्यांनी गॅसची नळी बघितली, मोरीचं पाणी जातंय का बघितलं, खिडक्या उघडल्या, एक खिडकी बंद केली, पंख्याची दिशा चुकीची आहे असं पंख्यावाल्याला सांगितलं आणि खाली जिन्याच्या तोंडाशी उभं राहून झेरॉक्स काढायला आलेल्या तिघांना हॉटेलात पाठवलं. स्नेहलनं पहिलं भांडं बापासाठी आणून टेबलावर ठेवलं. ते उकळलं. उकळी मंदावली. मग थांबली. वर साय धरल्यासारखा पातळ थर आला. साडू तोपर्यंत जिन्यातच होते. स्नेहलनं भांडं उचललं आणि आत नेलं. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण पुढची भांडी तिनं जरा जोरात ठेवली.

त्यानंतर साडू आठवड्यातून दोन-तीनदा साताऱ्याला जाऊ लागले, आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी धरून नेत. हमाल नेले, ट्रकचे ड्रायव्हर नेले, बियाणाच्या कंपनीचा एजंट नेला. एकदा रहिमतपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला नेलं. मी त्या दिवशी तिथं होतो. म्हातारबा बैठ्या टेबलाशी बसले आणि उकळत्या भांड्याकडे बघत राहिले.

“ह्ये काय हाय?”

“तुजाच माल,” साडू म्हणाले.

“माजा माल तेलाच्या गिरणीला जातोय की.”

“त्यो तिकडं जातोय. जरा बरा मानूस भेटला की असा हुतोय.”

म्हाताऱ्यानं चमचाभर घेतलं. “वीस वर्सं पिकवतोय. तोंडात आज पयल्यांदा,” तो म्हणाला, आणि दुसरा चमचा भरता भरता, “भाकरी मिळंल का?”

भाकरी नव्हती. स्नेहलनं खालच्या खानावळीतून आणवली, आणि दुसऱ्या दिवसापासून पाटीवर ज्वारीची भाकरी चढली. साडू एवढा वेळ म्हाताऱ्याच्या मागे उभे होते, त्याच्या जबड्याकडे बघत. दर घासाला पुढे वाकत होते. शेवटी म्हातारा वळला.

“गड्या, तू फिरत तरी ऱ्हा न्हाईतर खाली तरी बस. घास उतरंना मला.”

साडू फिरायला गेले. त्यांच्या वाट्याचं भांडं त्या दिवशीही निवलं.

भाद्रपदात स्नेहलचा सांगलीला फोन आला.

“काका, आण्णांना एकदा बसवा.”

“कुठं?”

“माझ्या हॉटेलात. एक भांडं संपेपर्यंत.”

मी हसलो. ती हसली नाही. जागेचा अकरा महिन्यांचा करार दिवाळीनंतर संपत होता. मालक विचारत होता, पुढं न्यायचा की सोडायची. “मला ठरवता येईना,” ती म्हणाली. “लोक येतात. फोटो काढतात. मस्त आहे म्हणतात, आणि निम्मं ठेवून जातात. पोटभर कुणी खात नाही, काका. चाकणला भांडी रिकामी यायची. इथं टोफूला कणी येते. चमच्यानं कापला जात नाही, तुटतो. मागून कसलातरी वास राहतो. मी पाणी बदललं, मीठ बदललं, वेळ बदलली. सोयाबीन तर आण्णांचं, तिथं बघायचा प्रश्नच नाही. म्हणजे माझ्याच हातात काहीतरी कमी आहे. ते एकदा खरं खरं कुणीतरी सांगावं. आण्णा बरा म्हणाले तर करार करते. न्हाई म्हणाले तर पाटी उतरवते.”

“मी येतो, खाऊन सांगतो,” मी म्हणालो.

“तुम्ही खाल्लं होतं. छान आहे म्हणाला होतात. मावशीच्या उपम्यालापण तुम्ही छानच म्हणता.” मग हळू आवाजात म्हणाली, “तुमचं भांडंपण निम्मं राहिलं होतं.”

हे खरं होतं.

साडूंना बसवण्याचे माझे प्रयत्न दोन महिने चालले, आणि त्यांचा वृत्तांत फारसा भूषणावह नाही. एकदा मी त्यांना स्नेहलच्या हॉटेलात भेटायला बोलावलं. ते आले, मी बसलो होतो त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सगळं बोलणं केलं आणि गेले. एकदा ताईंना बरोबर आणलं. ताई बैठ्या टेबलाशी मांडी घालून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “आवं, आजचा दिवस तरी टेका.” साडू म्हणाले, “आलोच.” ते कोरेगावात आले. तिथून त्यांनी फोन केला, गाडी चुकवू नका म्हणून. या दोन महिन्यांत स्नेहल बारीक होत चालली होती. मालकानं दोनदा निरोप पाठवला होता. दिवाळी झाली आणि हातात आठवडा राहिला.

त्या रविवारी मी कोरेगावला गेलो आणि कसलंही निमित्त न सांगता साडूंना घेऊन साताऱ्याच्या गाडीत चढलो. ते नेहमीच्या दांड्याला धरून उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, “पावणं, पोरीनं तुमास्नी मला बसवायचं काम दिलंय न्हवं?”

“हो.”

“ठावं हाय मला. कवाधरनं.”

“मग बसा की एकदा. काय बिघडतंय?”

एक वळण गेलं, दुसरं गेलं.

“आवं, वंगाळ निघालं तर?”

“तर तसं सांगा. बाजारात सांगताच.”

“बाजारात माजी पोरगी नसती.” त्यांनी दांड्यावरचा हात बदलला. “मला खोटं म्हनाया येत न्हाई, पावणं. तोंडानं गप बसलो तर थोबाडावर दिसतंय. एकाद्याला ओला म्हनलो तर त्यो माल नेतोय, वाळवतोय, परत आनतोय. पोरीनं काय वाळवायचं? सा वर्सं शिकून आलीया ती. मी न्हाई म्हनलो तर ती पाटी उतरवनार. मला म्हाईत हाय तिचा सोभाव. म्हनून मी तोंडच लावलं न्हाई.”

मग ते ड्रायव्हरला पुढचा खड्डा सांगायला वाकले.

आम्ही पोचलो तेव्हा तीनचा सुमार होता आणि हॉटेलात कुणी नव्हतं. दोन टेबलांवर उठून गेलेल्या गिऱ्हाइकांची भांडी होती, दोन्ही निम्मी भरलेली. साडू खिडकीपाशी गेले, तिथून दाराशी, दारातून परत. स्नेहल आतून आली. तिनं बापाला ‘बसा’ म्हटलं नाही, ‘जेवा’ म्हटलं नाही. उकळतं भांडं तिनं कोपऱ्यातल्या बैठ्या टेबलावर ठेवलं आणि ती म्हणाली, “आण्णा, माल आलाय. बघून घ्या.”

साडू थांबले. गेल्या चाळीस वर्षांत समोर आलेला माल न बघता ते पुढे गेलेले नाहीत. ते टेबलाकडे आले आणि सवयीनं भांडं उचलायला वाकले. हात पोळला. फडकं घेऊन पुन्हा धरलं, तरीही धरवेना. रस्सा रटरटत होता, भांडं जड होतं, टेबल गुडघ्याच्याही खाली. उभ्यानं चमचा घातला तर रस्सा तोंडापर्यंत येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि मग एक हात भिंतीला लावून, एक पाय दुमडून, मग दुसरा दुमडून, आमचे थोरले साडू खाली बसले. मांडी पुरती पडायला थोडा वेळ लागला.

भांडं अजून उकळत होतं. ती दोन-तीन मिनिटं आम्हा तिघांनाही जड गेली. साडूंची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती, कडेपासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. स्नेहल हातात ओलं फडकं धरून उभी होती आणि ते पिळायचं विसरली होती. पाणी फरशीवर ठिबकत होतं. उकळी बसली. साडूंनी चमच्यानं टोफूचा एक तुकडा घेतला, फुंकला आणि तो मऊ पदार्थ शेवटच्या दाढेखाली ठेवून मान तिरकी केली. आवाज येणार नव्हता, पण त्यांनी ऐकला. डोळे मिटले. उघडले.

“दाणा म्हातारा हाय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हंजी दोन पावसाळं बगितलेला. आतलं त्याल शिळं झालंय. म्हनून कणी येतीया, म्हनून वास ऱ्हातोय. तुज्या हाताचं काय न्हाई यात. माजी पोती संपल्यावर कुनाचा माल घेतलास?”

स्नेहलनं आधी माझ्याकडे बघितलं. “तुमचाच आहे, आण्णा,” ती म्हणाली. “माळ्यावरचा. तुम्हीच दिलाय.”

मी नंतर ताईंकडून सगळं समजून घेतलं. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात एका शेतकऱ्याचं सोयाबीन असं निघालं होतं की दाढेखाली काचेसारखं फुटे. साडूंनी त्यातली काही पोती विकली नाहीत. माळ्यावर ठेवली, दर उन्हाळ्यात उतरवून वाळवली, पुन्हा चढवली. आडत्याच्या धर्मात सुका दाणा म्हणजे चांगला दाणा. जितका सुका तितका चांगला. पोरगी हॉटेल काढणार म्हटल्यावर त्यांनी आपल्याजवळचा सगळ्यांत चांगला माल तिला दिला. आणि बापाचा माल म्हणून पोरीनं पाण्यापासून मिठापर्यंत सगळ्यावर संशय घेतला, दाण्यावर घेतला नाही.

“त्या चाकणच्या बाई,” स्नेहल आठवून आठवून बोलू लागली, “पोतं आलं की दाणा नखानं दाबून बघायच्या. दबला नाही तर पोतं परत. मला वाटायचं, कीड बघतात.”

साडू भांड्याकडे बघत होते. “बाजारात नवा माल आलाय,” ते म्हणाले. “दबतोय. कालच तीन गाड्या ओल्या म्हनून परत लावल्या.”

“तोच लागेल, आण्णा.”

“ज्येला जलमभर ओला म्हनलो, त्योच?”

“तोच.”

त्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, मला कळलं नाही. मग चमचा पुन्हा भांड्यात घातला. या वेळी टोफू बाजूला सारून नुसता रस्सा घेतला, भातावर ओतला, खाल्ला. दुसरा घास घेतला. तिसरा.

“रस्सा बरा हाय,” ते म्हणाले.

स्नेहल वळली आणि तिनं उगाचच शेजारचं टेबल पुसायला घेतलं. पुसता पुसता पाठमोरीच म्हणाली, “मग मालकाला काय सांगू?”

“मला काय इचारतीस? सांग की, हाय म्हनून.”

माझा अंदाज होता की आता साडू उठणार. पावणेचारची कोरेगावची गाडी होती. परत लावलेल्या तीन गाड्या शोधायच्या होत्या. एवढं काम पुढे दिसत असताना हा माणूस जमिनीवर राहणं शक्य नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलंही. पण मग त्यांनी भाताची वाटी जवळ ओढली. स्नेहल आत गेली आणि स्वतःचं भांडं घेऊन आली. बापाच्या समोर मांडी घालून बसली. दोघं जेवू लागली. कणी असलेला, जुन्या दाण्याचा टोफू दोघांनीही सोडला नाही. मधेच साडूंनी लोणच्याची बशी तिच्याकडे सरकवली, तिनं आपल्यातलं अंडं काढून त्यांच्या भांड्यात टाकलं. जन्मल्यापासून ही मुलगी बापाच्या समोर बसून एका वेळी जेवली नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं. पावणेचारची गाडी गेली. ती गेल्याचं त्या खोलीत फक्त मला कळलं.

नव्या दाण्याचा टोफू आता खरवसासारखा होतो. करार झाला. भांडी रिकामी परत येतात. सगळी नाही, पण बरीच. त्या सोयाबीनसाठी साडूंनी दुकानात एक वेगळा कोपरा केला आहे, आणि त्यात टाकायचा दाणा ते दाढेखाली न घेता नखानं दाबून बघतात, कुणी बघत नाही ना अशा बेतानं. बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी ते साताऱ्याला जातात आणि बैठ्या टेबलाशी जेवतात. सावकाश जेवतात. ताई म्हणतात, हल्ली घरीपण टेकतात कधीकधी.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर जेवलो. माणूस फिरत असतो तेव्हा त्याचं वय त्याच्याबरोबर फिरत असतं, नेमकं दिसत नाही. आता साडू माझ्यासमोर अर्धा तास एका जागी होते, आणि मला त्यांच्या मानेवरची सैल कातडी दिसली, रस्सा फुंकताना लागलेला दम ऐकू आला. हे सगळं कधीपासून होतं कुणास ठाऊक. जेवण झाल्यावर ते भिंतीला हात लावून उठायला लागले. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याआधी ते थोडे थांबले आणि खिडकीबाहेर काहीतरी बघत असल्यासारखं त्यांनी केलं. स्नेहल आतून आली. हात दिलेला त्यांना आवडत नाही, म्हणून तिनं दिला नाही. तिनं दाराजवळच्या त्यांच्या चपला उचलून बैठकीच्या कडेला आणल्या, पाय टाकता येतील अशा फिरवून ठेवल्या, आणि ते उठेपर्यंत पाठ करून उभी राहिली.